मारोतभैयांचा उजवा गुडघा

तुझ्या शिक्षणाचं श्रेय कोणाला, असं कोणी विचारलं तर आई-बाबांचं नाव आधी घ्यावं ही रीत आहे, आणि ते खोटंही नाही. बाबांनी आमगावच्या राइस मिलमध्ये आयुष्यभर पोती उचलली आणि मला मात्र एकही उचलू दिलं नाही. पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो मारोती ढोके नावाच्या माणसाचा. राहणार बूढापारा, रायपूर. व्यवसायाने लेफ्ट विंगर.

'व्यवसायाने' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मारोतभैया एका सरकारी मंडळाच्या नवा रायपूरमधल्या ऑफिसात कामाला होते. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'सहायक, संविदा' असं होतं. संविदा म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये नोकरीचा कागद नव्याने होणार. झाला तर झाला. त्यांचा कागद व्हायचा, कारण दर हिवाळ्यात विभागांच्या फुटबॉल स्पर्धेत ते मंडळाच्या टीमकडून डाव्या बाजूला खेळायचे. ऑफिसात त्यांचं टेबल होतं, पण टेबलावर काही नव्हतं. एकदा मी विचारलं, "भैया, तिथं करता काय?"

"वाट पाहतो," ते म्हणाले. "विंगरचं कामच ते हाय. बॉल कधी येईन सांगता येत नाही. पण आला तं आपून झोपलेलं नसावं."

मी फिजिओथेरपी शिकायला रायपूरला आलो तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. बूढा तालाबाच्या मागच्या गल्लीत, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे अशा ठिकाणी ते घर होतं. खाली पुढच्या खोलीत सुनंदावहिनींची शिलाईची दोन मशिनं. वहिनी तुमसरच्या. घरात मराठीच बोलायचं हा त्यांचा नियम होता. मारोतभैयांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत आलेले, पण भैयांचा जन्म रायपूरचा आणि शाळा हिंदी. त्यामुळे त्यांची मराठी नागपुरी वाटेने निघायची आणि अर्ध्यात हिंदीत उतरायची. वहिनी मशीन थांबवून म्हणायच्या, "मराठीत." ते म्हणायचे, "हव." हा हव म्हणजे छत्तीसगढी 'हो'. मग तिघेही हसायचो.

त्यांचं खेळाडू म्हणून चरित्र लिहायचं तर फार मोठं होणार नाही. रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर सुरुवात. एकोणिसाव्या वर्षी कलकत्त्याच्या एका लहानशा क्लबने नेलं. तिथे तीन हंगाम. तिसऱ्यात उजवा गुडघा मुरगळला, 'थोडासा'. परत आले. एका कारखान्याच्या टीममध्ये काही वर्षं, मग ती टीमच बंद झाली. रेल्वेच्या खेळाडू कोट्यातली नोकरी एका ट्रायलने हुकली. मग मंडळ. मधल्या काळात आणि नंतरही, गावोगावच्या स्पर्धांत भाड्याने खेळणं. बस. यातलं काही त्यांनी मला ओळीने सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी, केस विंचरता विंचरता सांगितलं.

केसांचा त्यांना फार अभिमान होता. मोज्यात एक छोटा कंगवा खोचलेला असे, हाफ टाइमला तो बाहेर निघायचा. वयाच्या बाबतीत ते बरीच वर्षं एकोणतीसचे होते. कुठेही बसले तरी रांगेच्या डाव्या टोकाला बसत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तिथे वाढणारा शेवटी पोचतो, म्हणून वरण थंड व्हायचं. "कोनी पास देत नाही," ते शेजारच्याला म्हणायचे.

घरी आले की बूट ओट्यावर उलटे ठेवायचे आणि मला हाक मारायचे. "पाह्य बे. चुना लागला का नाही?" मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ मारतात. विंगरच्या बुटाच्या बाहेरच्या बाजूला तो चुना लागलाच पाहिजे. न लागला तर पोट्टा आत घुसून गर्दी करत होता, विंगर खेळलाच नाही, असा त्यांचा हिशेब. सामना हरून आले आणि बूट पांढरा असला तर त्यांना झोप चांगली लागायची. जिंकून आले आणि बूट मळका असला तर भाजीत मीठ कमी निघायचं.

गुणच सांगतोय असं वाटू नये म्हणून हेही सांगतो. ते बचावाला कधी मागे येत नसत. त्यांच्या मागे खेळणारा डावा बॅक दर हंगामात बदलायचा, आणि प्रत्येक जण जाताना त्यांच्याशी भांडून जायचा. घरातही तेच. गॅस संपला, नळ गळाला, की ते पुढे कुठेतरी मोकळ्या जागेत असत. वहिनी म्हणायच्या, "याले बोलवा कोनी. गोल आपल्याकडं होऊन राहिला."

पण त्यांचा क्रॉस. मी फुटबॉल खेळलेला नाही, पाहिलेला आहे. डाव्या कडेने ते पळत जायचे, बॅक पुढ्यात आला की क्षणभर अडखळल्यासारखे व्हायचे, मग उजव्या पायावर एक बारीकशी उडी, आणि हवेत असतानाच डाव्या पायाने बॉल गोलसमोर. ती उडी बूढापाऱ्यात प्रसिद्ध होती. गल्लीतली पोरं प्लास्टिकच्या बॉलने तीच उडी मारायची. मंडळाचे साहेब लोक म्हणायचे, क्या स्टाइल है ढोके की. भैया केसांवरून हात फिरवायचे.

आमच्याकडच्या गावांतल्या स्पर्धांत बकरा बक्षीस असतो हे बाहेरच्यांना नवल वाटतं. फायनल जिंकणाऱ्या टीमला बकरा. सामना चालू असताना तो मंचाच्या खांबाला बांधलेला असतो, गळ्यात झेंडूची माळ, आणि दोन्ही टीमचे लोक येता-जाता त्याला चाचपून पाहतात. मी दुसऱ्या वर्षाला असताना भैयांनी मला आरंगच्या बाजूच्या एका गावी 'टीमचा डॉक्टर' म्हणून नेलं. माझ्याकडे बर्फाचा डबा आणि क्रेप बँडेजचे दोन रोल होते. आम्ही जिंकलो. बाकीचे खेळाडू होस्टेलमध्ये राहणारे, बकरा नेणार कुठे? तो भैयांच्या वाट्याला आला. येताना स्कूटरवर पुढे ते, मागे मी, आणि मधे माझ्या मांडीवर बकरा.

सदर बाजारात संध्याकाळची गर्दी होती. दर दोन हातांवर थांबावं लागत होतं. एका सोनाराच्या दुकानातून शेठजी ओरडले, "ढोके भैया, मैन ऑफ द मैच यही है क्या?"

"हाँ सेठ! एक चेन दिखाओ इसके लिए!"

बकऱ्याने तोवर माझ्या शर्टाची कॉलर खायला घेतली होती. घरी पोचल्यावर त्याने शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पाहिला आणि पहिल्या रात्रीतच एका बाहीचा फडशा पाडला. वहिनी सकाळी कमरेवर हात ठेवून उभ्या. "मी कोनाले घास टाकू सांगा. याले का त्याले? दोघायचं काम एकच हाय. दिवसभर कडेकडेनं चरायचं!" भैया इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. बकरा कापायला ते तयार झाले नाहीत. "संघातला माणूस हाय," म्हणाले. शेवटी वहिनींच्या भावाने तो तुमसरला नेला.

त्या दिवशी बसताना त्यांनी उजवा पाय जरा सांभाळून दुमडला, हे मला दिसलं होतं. पण मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. दिसत होतं, कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला गुडघा तपासायला शिकवलं. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतो, तो पायाच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. पेशंटला निजवायचं, गुडघा थोडा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने पायाची नळी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर हाड जागच्या जागी अडतं. तुटला असेल तर टेबलाचा खण बाहेर यावा तसं हाड पुढे येतं. ऐकायला सोपं आहे. पण हाताला ते कळायला शेकडो गुडघे ओढावे लागतात, आणि वर्गात आम्ही एकमेकांचे धडधाकट गुडघेच ओढत होतो.

मारोतभैयांनी आपला पाय मला सरावाला दिला. "घे. फुकट हाय. आपला पाय म्हंजे सरकारी शाळा." रोज जेवणानंतर ते खाटेवर पडायचे आणि मी सांधे मोजायचो, स्नायूंची नावं घ्यायचो. घोटा, खुबा, पोटरी सगळं मी त्यांच्या पायावर शिकलो. उजवा गुडघा ओढला की तो दगडासारखा घट्ट लागायचा. ते हसत असायचे. "मस्त हाय ना?"

"मस्त आहे, भैया."

एका रविवारी दुपारी ते पुस्तकातलं माझं वाचन ऐकता ऐकता झोपले. चांगले घोरायला लागले. मी सवयीने गुडघा हातात घेतला आणि ओढला. हाड पुढे आलं. मी दचकलो. परत ओढला, परत आलं. अडवायला आत काहीच नव्हतं. डाव्या गुडघ्याशी ताडून पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की उजवी मांडीही डावीपेक्षा बारीक आहे. इतके महिने मी सांधेच मोजत होतो, मांडी नाही; आणि गुडघा ओढला की ते जागेपणी मांडी आवळून धरत होते. मांडीच्या मागचा स्नायू आवळला की तो हाडाला मागे खेचून ठेवतो, आणि तपासणाऱ्याला वाटतं गुडघा पक्का आहे.

डोळे उघडून ते माझ्याकडे पाहत होते.

"काय पाह्यलं?"

मी गुडघा खाली ठेवला.

"पाह्यलं ना? मंग आता तोंड बंद." मग ते स्वतःच सांगायला लागले. कलकत्त्याला एका जुन्या खेळाडूने त्यांना ही युक्ती शिकवली होती. मेडिकलला गेलं की मांडी आवळायची आणि तोंडाने हसायचं; डॉक्टर तोंडाकडे पाहतो. तेव्हापासून प्रत्येक ट्रायल, प्रत्येक फिटनेस त्यांनी तसाच काढला होता. "इतकी सवय झाली बे, कोनी गुडघ्याले हात लावला की मांडी आपोआपच आवळते. सुनंदानं तेल लावलं तरी."

तेव्हा मला त्या प्रसिद्ध उडीचा अर्थ कळला. क्रॉस मारताना उजवा पाय जमिनीत रोवून त्यावर वळावं लागतं. त्यांच्या गुडघ्याला ते जमत नव्हतं, तो आत सरकायचा. म्हणून पाय रोवायच्या ऐवजी त्यांनी उडी काढली. गल्लीतली धडधाकट पोरं एका तुटलेल्या गुडघ्याची सोय पाठ करत होती.

"भैया, याचं ऑपरेशन होतं. सरकारी दवाखान्यातही होतं."

"अन् मंडळाले काय सांगू? सहा-आठ महिने घरी बसतो, कागद करून ठेवा? दर साली एक डॉक्टर येते फिटनेसची सही कराले. त्याची सही तं आपली नोकरी. कळलं?"

कळलं. मी कोणालाही बोललो नाही, वहिनींनाही नाही.

आमच्या कॉलेजात शेवटच्या परीक्षेच्या प्रॅक्टिकलला एक रिवाज होता. त्या दिवशी दवाखान्यातले पेशंट हमखास कमी पडायचे, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखीचा एक पेशंट आणायचा. मी खांदा धरलेल्या एका आजींना सांगून ठेवलं होतं. सकाळी त्यांच्या नातवाचा फोन आला, आजी गावाला गेल्या. मी जिन्यावर बसून राहिलो. भैया स्कूटर काढत होते.

"काहून बसला बे असा, मयतीले आल्यासारखा?"

मी सांगितलं. त्यांनी स्कूटर परत स्टँडवर लावली. "चाल. मी येतो. माहा डावा घोटा कलकत्त्याचा सुजलेला हाय, तो दाखव. गुडघ्याचं नाव काढायचं नाही."

परीक्षेच्या हॉलमध्ये पडदे लावून खाटा मांडल्या होत्या. भैया खाटेवर पडले, मी मोजमाप सुरू केलं. थोड्या वेळाने बाहेरून आलेले परीक्षक पडदा सारून आत आले. उंच, शांत माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. भैयांनी त्यांना पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाले, "हा तं आपला सहीवाला हाय."

परीक्षकांनी मात्र त्यांना ओळखलं नाही. वर्षातून एकदा, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवणार? त्यांनी माझं घोट्याचं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि टेप माझ्या हातात दिला. "पूरे पैर का माप लो." मी मोजलं. उजवी मांडी बारीक निघाली. तो आकडा मला लपवता येणार नव्हता, ते शेजारीच उभे होते.

"तकलीफ बाएँ टखने में, और जाँघ दाईं पतली? क्यों?"

मला उत्तर माहीत होतं. सगळ्या वर्गात मलाच ते सर्वांत नीट माहीत होतं. मी गप्प राहिलो.

परीक्षकांनी स्वतः उजवा गुडघा धरला आणि ओढला. भैया हसत होते. गुडघा दगड. "घुटना तो मज़बूत है. तो फिर वजह? बोलो भाई. चार साल में यही सीखे?" मी खाली पाहत होतो. त्यांनी अजून एकदा विचारलं, मग पेनचं टोपण काढलं. मी नापास झालो तर काय होणार हे मला पाठ होतं. सहा महिने थांबायचं, परत फी, आणि आमगावला बाबांना सांगायचं. त्यांनी तोवर मिलमध्ये सगळ्यांना पेढे कबूल केले होते.

"साहब," भैया म्हणाले. "एक बार फिर से खींचिए."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "क्यों?"

"खींचिए ना."

त्यांनी परत गुडघा धरला. मी भैयांच्या मांडीकडे पाहत होतो. ती आवळलेलीच होती. भैयांनी डोळे मिटले. ते सैल सोडायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय हुकूम ऐकत नव्हती. कपाळावर घाम आला. मग त्यांनी जोरात श्वास सोडला आणि मांडी एकदम खाली बसली. परीक्षकांनी ओढलं. हाड पुढे आलं.

परीक्षकांनी बारीक मांडीकडे पाहिलं. गुडघा हातातच होता.

"इसको सब पता है साहब," भैया छताकडे पाहत म्हणाले. "बहुत पहले पकड़ लिया था इसने. मैंने ही मना किया था बोलने को. फुटबॉल खेलता हूँ मैं. मंडल की तरफ़ से. आप ही साइन करते हो."

परीक्षकांनी गुडघा अलगद खाली ठेवला. माझ्याकडे वळून त्यांनी लिगामेंटबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. आवाज माझा वाटत नव्हता, पण उत्तरं बरोबर होती. जाताना ते म्हणाले, "मरीज़ का भरोसा रखा, अच्छा किया." एवढंच.

मी पास झालो. बाहेर आल्यावर बोलायला गेलो तर भैया म्हणाले, "चहा सांग."

त्या हिवाळ्यात फिटनेसच्या दिवशी त्या डॉक्टरांनी सही केली नाही. ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. भैयांना बाजूला घेऊन त्यांनी समजावलं, ऑपरेशनसाठी चिठ्ठीही दिली. आता माहीत असून त्यांनी सही कशी करावी? मंडळाने डाव्या बाजूला दुसरा मुलगा घेतला. मार्च आला आणि कागद झाला नाही.

भैयांनी मला काही म्हटलं नाही. म्हणजे काहीच म्हटलं नाही. मी जिन्यावरून उतरलो की ते आत जायचे. मैदानाकडे फिरकत नसत. बूट ओट्याखाली सरकवून ठेवले होते. शेवटी मी वहिनींकडे गेलो आणि खोली सोडतो म्हणालो. त्या शर्टाची काजं करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुह्यानं नाही गेली नोकरी. गुडघ्यानं गेली. पण तुह्यासमोर गोष्ट उघडी पडली ना, म्हणून त्याले तुह्याकडं पाहवत नाही. राय चुपचाप. येईन तो."

आले. एका सकाळी वर आले, माझ्या पुस्तकांवर पाय ठेवून खाटेवर आडवे झाले. "आता लपवाचं काय राह्यलं? कर काय करायचं ते." त्या दिवसापासून मी त्यांना खरा व्यायाम द्यायला लागलो. पेशंट म्हणून ते भयंकर होते. दहा सांगितले तर चार करून केस विंचरायचे.

पुढे वहिनींनी दुकान सदर बाजाराच्या बाजूला एका गाळ्यात हलवलं आणि खेळाच्या जर्सी शिवायला सुरुवात केली. जर्सीवर नंबर छापायचं मशीन भैयांकडे. अकरा नंबर, म्हणजे लेफ्ट विंगरचा, मागायला कोणी आला की हे विचारायचे, "लेफ्ट पैर का है क्या?" उजव्या पायाचा निघाला तर "सात लो, अच्छा नंबर है" म्हणून वाटेला लावायचे. वहिनी मागून ओरडायच्या, "अकरा छाप त्याले! गिऱ्हाईक हाय ते, ट्रायल नाही घेऊन राहिलो आपून!"

ऑपरेशन मात्र त्यांनी केलं नाही. धंद्याचा सीझन आहे, पाऊस आहे, मेव्हण्याचं लग्न आहे. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. ते अजून 'पुढच्या सालच्या' स्पर्धेबद्दल बोलत होते. गुडघ्याला एकदा चिरा पडला की आपण एके काळी खेळाडू होतो, असं म्हणावं लागेल. तोवर ते आहेत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. सरकारी शिष्यवृत्तीवर पुढच्या शिक्षणासाठी मी स्कॉटलंडला निघालो होतो. आई-बाबा आमगावहून आले होते, ते टॅक्सीत. भैया माझी बॅग स्कूटरवर पुढे ठेवून मागोमाग. दारावरच्या जवानाने त्यांना आत सोडलं नाही. लोखंडी कठड्याला धरून ते उभे होते, आणि मी काचेच्या आत चुकीच्या रांगेकडे वळलो तर हाताने जोरजोरात खुणा करत होते, तिकडं नाही, तिकडं. मग सगळे परत वळले. बाबा पुढे चालत होते, भैया मागे. पार्किंगच्या पायरीवर ते थांबले. एका हाताने खांब धरला, आधी उजवा पाय खाली ठेवला, मग डावा आणला. मागे कोणी पाहतंय का, हे त्यांनी वळून पाहिलं.

फोनवर त्यांच्याशी हे बोलता येत नाही. ऑपरेशन म्हटलं की नेटवर्क जातं. म्हणून या थंडीत मी त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल इथे देतो.

*

प्रिय मारोतभैया,

सा. न. वहिनींना नमस्कार सांगा. हे पत्र मराठीत आहे, तेव्हा त्याच वाचून दाखवत असतील.

इथे मी शिकता शिकता एका छोट्या क्लबात काम करतो. समुद्राकाठचं गाव आहे. मैदान आपल्या रेल्वे कॉलनीच्या मैदानाहून फार मोठं नाही, फक्त गवत आहे आणि वारा असा की कॉर्नर मारलेला बॉल परत येतो. टीममध्ये एक लेफ्ट विंगर आहे. नाव लिहीत नाही, पेशंट आहे. वय चौतीस. सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबने नेलं, मोठ्या मैदानावर खेळला, विसाव्या वर्षी क्लबनेच सोडून दिलं. मग एक क्लब, दुसरा, तिसरा. एक अख्खा उन्हाळा कोणाचाच फोन आला नाही. आता सकाळी पार्सलची गाडी चालवतो, संध्याकाळी सरावाला येतो. बचावाला मागे येत नाही. सगळे बॅक त्याला शिव्या देतात.

त्याच्या गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण आहे. मी विचारलं, कधीचा? म्हणाला, सहा वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं गुडघा लपवला. कसा, ते त्याने खाटेवर करून दाखवलं. भैया, तीच युक्ती. तीच मांडी, तेच हसणं. मला वाटलं होतं कलकत्त्यातच शिकवतात.

मी विचारलं, ऑपरेशनला इतका उशीर का? म्हणाला, भीती चिऱ्याची नव्हती. शुद्धीवर आल्यावर मी कोण असेन, याची होती. आणि शुद्धीवर आल्यावर कोण होतास? तर म्हणाला, भूक लागलेला माणूस.

तो परत खेळला. तुम्ही खेळाल असं मी लिहीत नाही. त्याचं निदान चार वर्षांत झालं, तुमचं नाही. तुमच्या गुडघ्यात इतर गोष्टीही झिजल्या आहेत, आणि तुमच्याशी मी गुडघ्याबद्दल खोटं बोलणार नाही. पुढच्या सालची स्पर्धा नाही, भैया. त्यानंतरचीही नाही. पण खांब न धरता पायरी उतरता येईल. हो, मी काचेतून पाहिलं होतं.

अजून एक. परीक्षेच्या त्या दिवसाबद्दल मी बोलायला लागलो की तुम्ही चहा सांगायला लावता. इथे तुम्ही तसं करू शकत नाही. तुम्ही तेव्हा मांडी सोडली नसती तर मी सहा महिन्यांनी पास झालो असतो, किंवा झालो नसतो. बाबा अजून पोती उचलत असते, ते आता नाही उचलत. तुम्हाला काय गेलं ते मला माहीत आहे. त्या गुडघ्यावर मी शिकलो आणि त्याचं काहीही बरं करू न शकता इथे दुसऱ्यांचे गुडघे बरे करतो आहे, हे मला सोसत नाही. एवढंच सांगायचं होतं.

दवाखान्यातल्या माझ्या वर्गमित्राशी मी बोललो आहे. त्याचा नंबर वहिनींकडे दिला आहे. भरतीच्या दिवशी तो स्वतः येईल, आणि नंतरचा व्यायाम मी व्हिडिओवर रोज घेईन. दहा म्हणजे दहा.

वहिनी, आता तुमच्यासाठी. इथपर्यंत वाचलंत आणि ते अजून खाटेवर बसलेले असतील, उठून बाहेर गेले नसतील, तर ते तयार आहेत असं समजा. काही विचारू नका. तारीख घेऊन टाका.

तुमचा,
दिनेश